लॅथ्रपसाहेबांचा उशीर

निवृत्त जिल्हा न्यायाधीश शोभना गंधे यांना स्वस्थ बसता येत नाही, हे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या कुठल्याही शिरस्तेदाराने शपथेवर सांगितलं असतं. नोकरीत होत्या तेव्हा त्या अकराच्या ठोक्याला खुर्चीत बसत, आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी धापा टाकत आलेल्या वकिलाकडे अशा काही बघत की पुढच्या तारखेला तो साडेदहालाच व्हरांड्यात हजर असे. आता वय सहासष्ट, मुक्काम मुलाकडे, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, आणि दिवसभर करायला काही नाही. परीक्षित आणि राधिका सकाळी आठला आपापल्या गाड्या घेऊन कामावर गेले की घर त्यांच्या अंगावर यायचं. मग त्या बेसमेंटमध्ये उतरायच्या, वर यायच्या, डिशवॉशर उघडून बघायच्या, पुन्हा बंद करायच्या. फिरायला बाहेर पडल्या तर गल्ली गोल वळून त्यांना आपल्याच दाराशी आणून सोडायची. एकदा अशा सलग सहा फेऱ्या झाल्यावर समोरच्या बाईने गाडी थांबवून काच खाली केली आणि सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. शोभनाताईंना तिचा फार राग आला, कारण सगळं ठीक नव्हतं.

त्यांच्या फोनमध्ये एक ईमेल पडून होती. त्यांनी ती पंधरा-वीस वेळा वाचली होती आणि उत्तर दिलं नव्हतं.

'मॅडम, मी रेणू राजाराम ढोके. २००७ साली तुम्ही माझ्या वडिलांना जन्मठेप दिलीत, तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यांच्या शिक्षामाफीचा अर्ज सरकारपुढे आहे. मागे एकदा फेटाळला गेला. या वेळी समितीची बैठक एकवीस तारखेला आहे. शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत मागवतात, पण आत्ताच्या साहेबांनी लिहिलंय की त्यांना या खटल्याची व्यक्तिशः माहिती नाही. तुम्ही चार ओळी लिहाल का? नाही लिहिल्यात तरी मी समजून घेईन.'

हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त टोचणारं होतं. पोरीने शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

शोभनाताईंचा नियम साधा होता. निकालपत्रावर सही झाली की न्यायाधीशाने तोंड उघडायचं नाही. जे सांगायचं ते निकालात सांगितलं, पुढचं वरचं कोर्ट बघेल. हा नियम त्यांनी छत्तीस वर्षं पाळला होता आणि नव्या न्यायाधीशांना शिकवलाही होता. परीक्षितलाही तो पटत होता. "आई, तू रिटायर झालीस यार," तो म्हणाला. "हायकोर्टाने पण कन्फर्म केलंय ना? मग कशाला इन्व्हॉल्व्ह होतेस? उद्या लोक विचारतील, शंका होती तर शिक्षा दिलीच कशाला?" नेमकं हेच त्या स्वतःला रोज सांगत होत्या, पण मुलाच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

राधिकाने आठवडाभर सासूच्या पावलांचा आवाज ऐकला आणि तोडगा काढला. तिचं ऑफिस अर्ध्या तासावरच्या ज्या गावात होतं, तिथल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत आता छोटंसं म्युझियम होतं, आणि जुने हस्तलिखित कागद वाचून टाइप करायला त्यांना स्वयंसेवक हवे होते. तिथल्या तरुण मुलांना जुनी, अक्षरं जोडून लिहिलेली वळणदार इंग्रजी वाचताच येत नाही म्हणे.

"तुम्हाला खराब अक्षर वाचता येतं ना, आई?" राधिकाने विचारलं.

"छत्तीस वर्षं पंचनामे वाचलेत मी," शोभनाताई म्हणाल्या आणि पर्स घेऊन तयार झाल्या. बैठकीला तेव्हा नऊ दिवस होते.

म्युझियम चालवणारी डोरिन सत्तरीची होती, शाळेतून निवृत्त झालेली ग्रंथपाल. तिने शोभनाताईंपुढे कातडी बांधणीच्या जाडजूड वह्या ठेवल्या. हे कोर्टाचं रोजकामाचं दप्तर आणि न्यायाधीश ओबेड लॅथ्रप यांची टिपणं. लॅथ्रप म्हणजे या गावाचं दैवत. त्यांच्या नावाचा रस्ता, त्यांच्या नावाची शाळा, आणि जिन्यावर टांगलेली त्यांची तसबीर. तसबिरीतले लॅथ्रप पोट बिघडल्यासारखे दिसत होते, असं शोभनाताईंचं पहिलं मत झालं.

पण वह्या उघडल्या आणि त्यांना खूप दिवसांनी बरं वाटलं. हा माणूस त्यांच्या ओळखीचा होता. सत्ताविसाव्या वर्षी न्यूयॉर्ककडून निघून, एका वकिलाच्या कचेरीत झाडलोट करता करता शिकलेला कायदा आणि एक घोडी एवढ्या भांडवलावर तो या रानात आला होता. मिशिगनला राज्य होऊन तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. तिसाव्या वर्षी न्यायाधीश. चार गावं त्याच्याकडे होती आणि एका गावाहून दुसऱ्या गावी तो दलदलीतून घोड्यावर जायचा, काळ्या पिशवीत कायद्याची तीन पुस्तकं घेऊन. कोर्ट भरायचं खानावळीत. ज्युरी विचार करायला गोठ्यात बसायची. एका टिपणात त्याने लिहिलं होतं की आज ज्युरीतले दोघे प्यालेले होते, तिसरा झोपला होता, आणि तरी निकाल बरोबर आला. हिवतापाने दर शरद ऋतूत त्याला झोडपलं, तेव्हा अंगावर रानगव्याच्या कातड्याचं पांघरूण घेऊन तो कुडकुडत साक्षी लिहून घ्यायचा. एका वकिलाला त्याने भर कोर्टात 'तुमचं भाषण या नदीसारखं आहे, लांब आणि गढूळ' असं सुनावलं होतं. हे वाचून शोभनाताई एकट्याच मोठ्याने हसल्या. असं काहीतरी सुनावायची इच्छा त्यांनी छत्तीस वर्षं गिळली होती.

घरी जेवताना आता लॅथ्रपसाहेबांशिवाय विषय नव्हता. "बघ," त्या परीक्षितला म्हणाल्या, "एकदा निकाल दिला की हा माणूस त्या केसबद्दल पुन्हा अवाक्षर लिहीत नाही. पान उलटतो. न्यायाधीश असा असतो." परीक्षितने मान डोलावली.

पॅट्रिक डूनचा खटला त्यांना तिसऱ्या दिवशी लागला. साल १८५१. डून हा रेल्वेच्या कामावरचा आयरिश मजूर. खानावळवाल्याच्या खुनाचा आरोप. एकच साक्षीदार, तोही मयताचा मेव्हणा. ज्युरीने वीस मिनिटांत दोषी ठरवलं. त्या राज्यात फाशी तेव्हा नुकतीच रद्द झाली होती, म्हणून लॅथ्रपने जन्मठेप दिली, एकांतवासाची. आणि खाली लिहिलं: 'निकाल ज्युरीचा आहे, शिक्षा कायद्याची आहे. यात माझं काय उरलं, ते मला समजत नाही.' पुढचं पान एका हरवलेल्या डुकराच्या दाव्याचं होतं.

शोभनाताईंनी ती ओळ टाइप केली आणि त्यांची बोटं थांबली.

राजाराम ढोकेच्या खटल्यातही एकच साक्षीदार होता. राजारामची पिठाची गिरणी होती आणि तिच्यातला भागीदार संध्याकाळी साडेसातला गल्लीत भोसकला गेला. साक्षीदार म्हणाला, खांबावरच्या दिव्याच्या उजेडात मी राजारामला पळताना पाहिलं. बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत त्याचं वय, धंदा आणि मयताशी नातं विचारलं आणि तो खाली बसला. शोभनाताईंनी निकाल लिहायला घेतला तो मे महिन्यात, उन्हाळी सुट्टीच्या आदल्या दिवशी. बदलीची ऑर्डर हातात होती, सामान बांधलेलं होतं. स्टेनोला मजकूर सांगता सांगता घटनेची तारीख पुन्हा उच्चारली गेली, आणि तो मंगळवार होता हे त्यांच्या लक्षात आलं. त्या स्वतः त्याच गावात, त्याच भागात राहत होत्या. त्या वर्षी तिथे दर मंगळवारी सहा ते दहा लोडशेडिंग असायचं. दर मंगळवारी त्या कंदील लावून वरण-भात खायच्या. साडेसातला त्या खांबावर दिवा असणं शक्यच नव्हतं.

पण हे रेकॉर्डवर नव्हतं. वकिलाने विचारलं नव्हतं, वीज मंडळाचा कागद आला नव्हता, आणि न्यायाधीशाने स्वतःच्या माहितीवर निकाल द्यायचा नसतो. हे सगळं खरं. हेही खरं की कोर्टाला स्वतः प्रश्न विचारता येतो, साक्षीदाराला परत बोलावता येतं, त्यासाठी एक सही लागते आणि पंधरा दिवस. ते पंधरा दिवस त्यांच्याकडे नव्हते. खटला अर्धवट टाकून गेलं तर नवा न्यायाधीश पुन्हा सुरुवातीपासून सुरू करणार, आणि त्यांच्या निकाली खटल्यांच्या तक्त्यात एक कमी होणार. त्यांनी मजकूर पुढे सांगितला. संध्याकाळी सही केली.

तेव्हापासून लोडशेडिंग हा शब्द निघाला की त्या खोलीतून उठून जात. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"थकलीस का?" डोरिनने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या आणि डुकराच्या दाव्याकडे वळल्या. लॅथ्रपला जमलं, तर आपल्यालाही जमायला हवं.

पण १८५२ पासून लॅथ्रपसाहेब बिघडले. शोभनाताईंच्या ते चटकन लक्षात आलं, कारण उशीर हा त्यांचा खास विषय. कारकुनाने रोजकामात लिहिलं होतं, 'कोर्ट सोमवारी बोलावलेले, न्यायाधीश मंगळवारी पोहोचले.' पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कारकून वैतागलेला दिसत होता: 'पक्षकार थंडीत उभे. न्यायाधीशांनी कारण सांगितले नाही.' शोभनाताईंनी सवयीने तक्ता केला. नऊ वर्षांत नऊ उशीर, सगळे वसंतातल्या फेरीत. त्या मनातून खट्टू झाल्या. डोरिनपुढे तक्ता ठेवून त्या म्हणाल्या, "तुमचे हे जजसाहेब पुढे पुढे कामचुकार झाले बरं का."

डोरिनने चष्मा चढवून तक्ता बघितला. "उशीर फक्त तिसऱ्या गावी होतो," ती म्हणाली. "पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या गावी कधीच नाही."

हे आपल्या आधी हिला दिसलं, याचं शोभनाताईंना वाईट वाटलं. डोरिनने भिंतीवरचा जुना नकाशा दाखवला. दुसऱ्या गावाहून तिसऱ्या गावी सरळ रस्ता होता, एका दिवसाचा. "वाट वाकडी करून दक्षिणेला गेलं तर एक दिवस जास्त लागतो. आणि दक्षिणेला..." ती बोट फिरवत थांबली. "दक्षिणेला राज्याचा तुरुंग होता."

मग ती आत गेली आणि एक करड्या रंगाचा खोका घेऊन आली. याची यादी करायची राहिली होती, ती म्हणाली. त्यात तुरुंगाच्या भेटनोंदवहीच्या नकला निघाल्या. दर एप्रिलमध्ये एक नाव: ओ. लॅथ्रप, कैदी डून यास भेटण्यास. नऊ वेळा. आणि खाली एक घडी घातलेला मोठा कागद होता. गावकऱ्यांनी १८५८ मध्ये गव्हर्नरकडे केलेला अर्ज, की डून निर्दोष असावा असं आम्हाला आता वाटतं, त्याला माफी द्यावी. एकशे बारा सह्या. खानावळवाल्याच्या विधवेचीसुद्धा. या सगळ्या सह्यांच्या वर दोन बोटं जागा रिकामी होती आणि तिच्याखाली छापील अक्षरांत लिहिलं होतं: शिक्षा देणारे न्यायाधीश.

"जागा सोडून ठेवली होती त्यांच्यासाठी," डोरिन हळूच म्हणाली.

गव्हर्नरच्या सचिवाचं उत्तर अर्जालाच टाचलेलं होतं. तीन ओळी. 'ज्या न्यायाधीशांनी सर्व पुरावा ऐकला, त्यांनी या अर्जावर सही केलेली नाही. त्यांच्या मौनाचा अर्थ स्पष्ट आहे. अर्ज नामंजूर.' डून १८६० च्या अखेरीस, ऐन हिवाळ्यात फुप्फुसाच्या आजाराने आत मेला. पुढच्या वसंतापासून लॅथ्रपसाहेब चारही गावी वेळेवर पोहोचू लागले.

"मूर्ख माणूस!" शोभनाताई मराठीत ओरडल्या. डोरिन दचकली. "नऊ वेळा गेला! पन्नास मैल चिखलातून! काय करायला गेला होता, तब्येत विचारायला? एक सही, गधड्या, एक सही करायची होती!" त्या उठल्या, खोलीच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. डोरिनला शब्द कळले नाहीत, पण तिने पाण्याचा ग्लास भरून टेबलावर ठेवला आणि ती बाजूला उभी राहिली.

त्या चार भिंतींत शोभनाताईंना एक गोष्ट लख्ख कळली आणि ती फार कडू होती. आपण गप्प राहिलो म्हणजे आपण काही बोललो नाही, असं त्या अठरा वर्षं समजत होत्या. पण मुंबईत समितीपुढे राजारामची फाइल उघडेल तेव्हा त्यांचं गप्प राहणं त्यात मत म्हणूनच वाचलं जाणार होतं. मागच्या वेळी ते तसंच वाचलं गेलं असणार. तारीख सतरा होती.

राधिका घ्यायला आली तेव्हा गाडीत त्यांनी तिला सगळं सांगितलं, खांब, मंगळवार, कंदील, सगळं. राधिका एका सिग्नलला हिरवा झाल्यावरही थांबून राहिली, मागच्याने हॉर्न दिला.

"मग लिहा ना, आई," ती म्हणाली.

त्या रात्रीच्या जेवणाआधीच लिहायला बसल्या. परीक्षित खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "आई, मी फक्त एवढंच म्हणतोय, हे ऑनलाइन आलं, न्यूजमध्ये आलं, तर तुझंच नाव खराब होईल. थर्टी-सिक्स इयर्स, आई."

"त्याची अठरा गेली आहेत," त्या म्हणाल्या. "तू जेवून घे."

पहिला मसुदा दोन पानी झाला. त्यात एक वाक्य होतं: 'घटनेच्या वेळी त्या भागात वीजपुरवठा बंद असे, हे निकाल लिहिताना मला माहीत होते.' या वाक्यापाशी त्या अडल्या. मग त्यांच्यातल्या न्यायाधीशाने नेहमीचा मुद्दा काढला. समितीला याची गरज काय? समितीला एवढंच पुरे की पुराव्यात एक गंभीर उणीव आहे, मंगळवारचं लोडशेडिंग तपासलं गेलं नाही, ते वीज मंडळाच्या त्या वर्षीच्या वेळापत्रकावरून पडताळता येईल, आणि कैद्याला मुक्त करावं असं शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचं स्पष्ट मत आहे. त्यांनी ते वाक्य खोडलं. पत्र पक्क्या अक्षरात उतरवलं, सही केली, राधिकाने फोनवर स्कॅन करून दिलं. रेणूचं उत्तर दहा मिनिटांत आलं. त्यात फक्त 'मिळालं मॅडम' एवढंच होतं.

पुढचे चार दिवस कसे गेले ते घरातल्या जिन्याला विचारावं. म्युझियममध्येही त्या गेल्या नाहीत, लॅथ्रपचं तोंड बघायची इच्छा नव्हती. एकवीस तारीख उजाडली, भारतात संपली, फोन आला नाही. बावीसला सकाळी त्या पोह्यांना कांदा चिरत होत्या तेव्हा फोन वाजला.

"मॅडम, रेणू बोलतेय." आवाज बसलेला होता, रडून बसलेला. "शिफारस झाली, मॅडम. सुटकेची. तुमचं पत्र मोठ्याने वाचलं म्हणे तिथे. ऑर्डर यायला दोन-तीन आठवडे लागतील, पण झालं."

शोभनाताईंनी सुरी खाली ठेवली. त्यांना खूप आनंद झाला. त्यांनी ओट्याला हात टेकला. "फार चांगलं झालं, बाळा," त्या म्हणाल्या, आणि बाळा म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही हे त्यांना म्हणून झाल्यावर जाणवलं.

"आज मी बाबांना भेटून आले," रेणू म्हणाली. "काचेपलीकडून तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी. ते लोडशेडिंगचं ऐकून म्हणाले, बरोबर आहे, मंगळवारी मी गिरणी सहालाच बंद करायचो. त्यांनी हे वकिलाला तेव्हाच सांगितलं होतं म्हणे, वकील म्हणाला होता, ते सोडा. मी म्हटलं, बाबा, बाईंना काही निरोप द्यायचाय का? तर म्हणाले, निरोप नाही, एक गोष्ट विचार त्यांना."

"काय?"

रेणूने श्वास घेतला. ती आता रडत नव्हती.

"ते म्हणाले, बाईंना हे नंतर कधी कळलं, की तेव्हाच माहीत होतं?"

राधिका दारात येऊन उभी होती. नंतर कळलं, असं म्हणणं सोपं होतं. पत्रात त्याच्या विरुद्ध एक अक्षर नव्हतं, याची काळजी त्यांनीच घेतली होती. राजाराम ढोके बाहेर येणार होता, त्याला ते ऐकून हलकं वाटलं असतं, या मुलीलाही वाटलं असतं. रेकॉर्डवर काहीच नव्हतं.

"मॅडम?" रेणू म्हणाली. "आहात ना?"

"आहे," शोभनाताई म्हणाल्या. "त्यांना सांग, तेव्हाच माहीत होतं."